कॅमेऱ्याचा जमाखर्च

सांगलीतील एका कापड व्यापाऱ्याच्या धाकट्या मुलाला बस्तीसमोरील मानस्तंभाचे छायाचित्र हवे होते. मोबाइल वर करून घेतलेल्या प्रत्येक चित्रात स्तंभ मागे झुकलेला दिसे. मोठ्या आकाराच्या फिल्म कॅमेऱ्यात लेन्सची पाटी तेवढी वर सरकवता येते. कॅमेरा सरळ राहतो आणि स्तंभही सरळ उतरतो. शिवाय 4 बाय 5 इंचांचे निगेटिव्ह 35 मिलिमीटरच्या चौकटीपेक्षा क्षेत्रफळाने सुमारे 15 पट मोठे असते. वडिलांनी अनुमती दिली, ती 50 हजारांच्या मर्यादेत.

मुंबईच्या चोर बाजारात त्याला पितळी कड्यांचा एक लाकडी कॅमेरा अल्प किमतीत दिसला. तो जुन्या हाफ प्लेट मापाचा होता. त्या मापाची फिल्म सहज मिळत नाही, आणि सोबतचे फिल्म होल्डरही गहाळ होते. ‘‘ज्याचा माल बाजारात नाही, ते यंत्र स्वस्त कसे म्हणायचे?’’ वडील म्हणाले. माप 4 बाय 5 चेच, हे तिथे पक्के झाले.

पुढे तीन पर्याय उरले. अमेरिकन वृत्तछायाचित्रकारांचा ग्राफिक कॅमेरा सुटसुटीत, पण त्याची लेन्स फारशी हलवता येत नाही. नवा घडीचा लाकडी कॅमेरा हलका, पण लेन्स घेण्याआधीच बरीच रक्कम संपवणारा. तिसरा मोनोरेल, म्हणजे एका दांड्यावर बसवलेला स्टुडिओचा कॅमेरा. अवजड, पण हव्या त्या दिशेला वळणारा आणि त्या मानाने स्वस्त. बस्ती घरापासून पाच मिनिटांवर होती आणि मानस्तंभ कुठे जाणार नव्हता. जुना मोनोरेल ठरला. अंधाऱ्या खोलीत भात्यात विजेरी लावून छिद्रे पाहायची, शटरचा एक सेकंद घड्याळाशी ताडायचा, 150 मिलिमीटरच्या लेन्समध्ये बुरशी नाही ना हे तपासायचे, अशी यादी त्याने केली.

वडिलांनी वहीत दोन रकाने आखले. कॅमेरा, लेन्स, होल्डर व तिकाटणे हे भांडवल. फिल्म व रसायने हा चालू खर्च. ‘‘भांडवल एकदाच बोचते, चालू खर्च दर वेळी,’’ हा त्यांचा अनुभव. त्या दुसऱ्या रकान्यासाठी फिल्मची माहिती काढताना मुलाला भलतेच कळले. फिल्मवरील चांदीचे क्षार जिलेटीनमध्ये बसवलेले असतात, आणि जिलेटीन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. जुन्या कॅमेऱ्यांचे काही भातेही चामड्याचे असतात.

सूर्यास्तापूर्वीच्या जेवणात त्याने हे सांगितले. आजी म्हणाली, ‘‘चातुर्मासात आपण पालेभाजी सोडतो, आणि देवाच्या दारातलं चित्र हाडांवर काढायचं?’’ मग तिची नजर भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे गेली. वडिलांनी हळूच आठवण दिली, की आजोबांचे एक्स-रेही तसल्याच फिल्मवर निघाले होते. आजी बराच वेळ गप्प होती. ‘‘अजाणता झालं त्याचं प्रतिक्रमण करू. आता जाणून करायचं, तर आधी विचार कर.’’

विचार करताना वाट सापडली ती जिलेटीनच्या आधीच्या काळात. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी 1851 मध्ये कलोडियनची रीत प्रसिद्ध केली. जिलेटीनची प्लेट त्यानंतर 20 वर्षांनी, 1871 मध्ये आली. कलोडियन नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसापासून बनते. ते काचेवर ओतून, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून, काच ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि धुवायचेही. कापडवाल्याच्या घरात कापसाचे हे रूप ऐकून सर्वांना नवल वाटले. पण त्यातील ईथर पटकन पेट घेते. अहिंसेत आपल्या घरच्यांचा जीवही येतोच. म्हणून जाणकाराकडे शिकल्याविना बाटली उघडायची नाही आणि घरात हे काम कधीही करायचे नाही, असे दोन नियम त्याने घेतले. कॅमेरा तोच राहिला, कृत्रिम कापडाच्या भात्याचा. होल्डर मात्र काच धरणारा करून घ्यायचा. फिल्मची ओळ वडिलांनी वहीतून खोडली.

कॅमेरा आल्यावर पहिल्या रविवारी काच नव्हती, रसायन नव्हते. तरी तो बस्तीसमोर मांडला गेला. मुलाने लेन्सची पाटी वर सरकवली. काळ्या कापडाखाली शिरून आजीने घुसळ काचेवर मानस्तंभ पाहिला.

‘‘उलटा दिसतोय रे,’’ आतून आवाज आला, ‘‘पण सरळ आहे.’’