ठकीचं रान

ठकी बीगल आणि आणखी कुठल्या तरी जातीच्या संकरातून झालेली. कान बीगलचे, लांब आणि मऊ. पाय त्या मानाने उंच. पाठ काळी, पोट पांढरं आणि भुवयांच्या जागी दोन तांबूस ठिपके. २००९ च्या पानगळीत आम्ही तिला बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलं, तेव्हा ती चार-पाच महिन्यांची असावी. बीगल ही सशाचा माग काढण्यासाठी जोपासलेली जात. जमिनीला नाक लावून चालायचं आणि लागलेला वास सुटू द्यायचा नाही, हेच काम माणसाने तिच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या करून घेतलं. म्हणून ठकीबद्दल सांगायचं तर ती जिथे नाक लावून चालली त्या रानाबद्दलच सांगावं लागतं. मला तरी ती दोन वेगळी काढता येत नाहीत.

आमचं घर मेरीलंडमधल्या रॉकव्हिलमध्ये. गल्लीच्या टोकाला घरं संपतात, उतार लागतो आणि खाली रॉक क्रीकचा उत्तरेकडचा फाटा वाहतो. रॉक क्रीक म्हणजे लेटन्सव्हिल गावाजवळ उगम पावणारा, पन्नासेक किलोमीटरचा ओढा. वॉशिंग्टन शहरातून जाऊन तो पोटोमॅक नदीला मिळतो. शहरातला त्याचा काठ १८९० साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून राखला. वरचा, आमच्याकडचा भाग माँटगोमेरी काउंटीच्या उद्यान खात्याकडे आहे. पूर आणि गाळ अडवण्यासाठी इथे १९६० च्या दशकात दोन बंधारे घातले आणि त्यांची तळी झाली. त्यातलं एक बर्नार्ड फ्रँक या वनशास्त्रज्ञाच्या नावाचं आहे. १९३५ साली ‘वाइल्डरनेस सोसायटी’ स्थापन करणाऱ्या मोजक्या माणसांपैकी ते एक. उतारावर ओक, बीच आणि सरळसोट ट्युलिप पॉप्लर. पाण्याजवळ साल सोललेले पांढरेफटक सिकॅमोर. त्यांच्यामधून मातीच्या अरुंद पायवाटा. ठकीचं सगळं आयुष्य या पायवाटांवर गेलं.

सकाळी दार उघडलं की ती ओढत निघायची, पण झाडी लागली की तिची चाल एकदम बदलायची. दोन पावलं जायचं, थांबायचं, एकाच पानाची खालची बाजू, वरची बाजू, देठ असं हुंगत राहायचं. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. शिवाय कुत्रं श्वास सोडतं तो नाकपुडीच्या कडेच्या चिरेतून, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही, नवी हवा आत येतच राहते. रात्री तिथून कोण गेलं, कधी गेलं, घाबरलेलं होतं की निवांत, हे सगळं ती त्या पानावरून काढत असणार. अशा वेळी दोरीला हिसका देऊन ‘चल, चल’ करणारी माणसं मी रोज पाहते आणि मला वाईट वाटतं. दिवसाचे उरलेले सगळे तास कुत्रं आपल्या वेळापत्रकाने जगतं. फिरणं तरी त्याचं असू द्यावं. आमच्या घरात तो नियमच होता: वाट माणसाने ठरवायची, वेग ठकीने.

दोरी मात्र कधी सुटली नाही. इथे तसा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी मी ती सोडली नसती. ओव्हनबर्ड नावाचा पिटुकला पक्षी पाचोळ्याचंच छत करून जमिनीवर घरटं बांधतो. हरिणी मे-जूनमध्ये पाडसाला गवतात निजवून चरायला जाते. पाडसाला फारसा वास नसतो आणि ते हलत नाही, हेच त्याचं संरक्षण. एका जूनमध्ये ठकी वाटेच्या कडेला जागीच खिळली. तिच्या नाकापासून हातभर अंतरावर पांढऱ्या ठिपक्यांचं पाडस मान जमिनीला टेकवून पडलेलं होतं. दोघंही निश्चल. मी दोरी हळूहळू गुंडाळत तिला मागे घेतली. ती आली, पण घरी पोचेपर्यंत दर थोड्या वेळाने वळून बघत होती. दोरी नसती तर काय झालं असतं याचा विचार मला आजही नको वाटतो. आपलं कुत्रं कितीही गुणी असलं, तरी रानातल्या जिवांनी त्याच्या गुणांवर विसंबून का राहावं?

माझे सासरे, आबा, कऱ्हाडजवळच्या खेड्यातून आले की उन्हाळाभर राहायचे. त्यांच्या वस्तीवरच्या कुत्र्यांना कधी दोरी माहीत नव्हती. ती खळ्यावर झोपायची, रात्री राखण करायची, शिळी भाकरी खायची. ठकीच्या गळ्यातला पट्टा पहिल्या दिवशी त्यांनी बोटाने चाचपून पाहिला आणि काही बोलले नाहीत. पण आठवड्याभरात सकाळची फेरी त्यांनी आपल्याकडे घेतली. “ठके, चल, रानात जाऊ,” म्हटलं की ती दाराशी हजर. तिला मराठीच कळायचं, कारण घरात तिच्याशी कोणी दुसरी भाषा बोललंच नाही.

आबा आयुष्यभर शेतीत राबलेले. मला इतक्या वर्षांत न दिसलेली गोष्ट त्यांना त्या रानात चार दिवसांत दिसली. चहा पिताना म्हणाले, “सूनबाई, ह्या रानात म्हातारी झाडं हायती आन् खाली गवत हाय. बारकी झाडं कुठं हायती? मधली पिढीच न्हाई.”

खरंच नव्हती. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या इथे फार वाढली आहे. त्यांना मारणारे लांडगे आणि प्यूमा इथून केव्हाच संपले. वस्तीजवळ शिकारीला बंदी. आणि घरांच्या बागांतून बारमाही चारा. ओकचं रोप वीतभर झालं की हरणं खुडतात. जे त्यांना नको असतं तेच वाढतं, आणि त्यात पहिला नंबर स्टिल्टग्रास या आशियाई गवताचा. चिनी मातीची भांडी पेंढ्यात बांधून यायची, त्या पेंढ्यातून ते या देशात आलं असं मानतात. १९१९ साली टेनेसीत त्याची पहिली नोंद झाली. त्याचं बी बुटाच्या तळाला, कुत्र्याच्या केसांत चिकटून पुढे जातं. हे वाचल्यापासून पानगळीच्या दिवसांत रानातून बाहेर पडण्याआधी आम्ही ठकीला उभी करून पोट आणि पाय विंचरायचो. हरणं कमी करण्यासाठी काउंटी ठरावीक दिवशी उद्यानं बंद ठेवून शिकार करवते. वॉशिंग्टनमधल्या रॉक क्रीक पार्कातही २०१३ पासून ते सुरू झालं. आमच्या काही शेजाऱ्यांना ते क्रूर वाटतं. मला हरणांची दया येते, पण पन्नास वर्षांनी तिथे रान असावं असं वाटत असेल तर दुसरा मार्ग मला दिसत नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग बराबर हाय.”

त्याच उन्हाळ्यात कासव भेटलं. ईस्टर्न बॉक्स टर्टल म्हणतात ते. पाण्यातलं नव्हे, रानात फिरणारं. पाठीवर पिवळ्या-नारिंगी रेघा, नराचे डोळे लालभडक. त्याच्या पोटाच्या कवचाला बिजागरी असते, त्यामुळे धोका वाटला की ते पुढून-मागून स्वतःला पूर्ण बंद करून घेतं. ठकीने त्याला पाचोळ्यात शोधून काढलं, एकदा नाकाने टोकरलं आणि ते मिटलं. मग ही त्याच्यासमोर पुढचे पाय पसरून बसली. आबाही थांबले. बराच वेळ गेला. कासवाने फट केली, चोच बाहेर काढली, ठकीची शेपटी हलली, फट बंद. आबांनी पायातल्या चपला काढल्या आणि वाकून कासवाला हात जोडले. गावी शंकराच्या देवळात गाभाऱ्यापुढच्या दगडी कासवाला हात लावल्याशिवाय ते आत जात नाहीत. इथे कासव जिवंत होतं, एवढाच फरक.

ही कासवं पन्नास वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतात आणि बहुतेक सगळं आयुष्य शे-दोनशे मीटरच्या टापूत काढतात. उचलून लांब सोडलं तर परत यायला धडपडतात आणि रस्ते ओलांडताना मरतात. आमचं कासव कवचाच्या उजव्या कडेवरच्या खाचेवरून ओळखू यायचं. पुढे कित्येक उन्हाळे ते त्याच पडलेल्या ओकच्या आसपास दिसलं. ठकीला ते दर वेळी माझ्याआधी कळायचं, आणि दर वेळी ती तशीच बसायची.

गोचिडी आबांना नव्या नव्हत्या. बैलांच्या अंगावरच्या त्यांनी हाताने काढलेल्या. पण इथली काळ्या पायांची गोचीड वेगळी. तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं, केसांत दिसतही नाही, आणि लाइम रोगाचे जंतू तिच्यातून येतात. कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून १९७० च्या दशकात रोगाला हे नाव पडलं. गोचिडीला ते जंतू बहुतेक उंदरांकडून मिळतात, हरणं तिला मोठी करतात, आणि वाटेवरून जाणारं कुत्रं किंवा माणूस मध्ये सापडतं. ठकीला तो झाला तेव्हा आज ती पुढच्या डाव्या पायाने लंगडायची, परवा मागच्या उजव्या. कुठे काटा नाही, जखम नाही. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि महिनाभर डॉक्सीसायक्लिन दिलं. चौथ्या दिवशी ती जिना चढून आली. तेव्हापासून रोज संध्याकाळी मुलगी तिला मांडीवर घेऊन कानांच्या आतून, काखेत, बोटांच्या बेचक्यांत चाचपून पाहायची. त्याचा दोघींना इतका लळा लागला की कडाक्याच्या थंडीतही, गोचिडीचं नाव नसताना, ते थांबलं नाही.

२९ जून २०१२ च्या रात्री डेरेचो नावाचं वादळ आलं, कित्येक दिवस वीज नव्हती आणि ओढ्याकाठचे कितीतरी ट्युलिप पॉप्लर आडवे झाले. पायवाटा मोकळ्या व्हायला वेळ लागला. ठकीने मात्र पडलेल्या खोडांखालून आपली वाट आधीच काढली होती, आणि नंतर खोडं कापून नेली तरी ती त्या जागांवर वाकूनच जायची.

२०२१ च्या मे महिन्यात सिकाडे आले. सतरा वर्षांनी एकदा येणारे, ‘ब्रूड टेन’ म्हणून ओळखले जाणारे. जमिनीत वीतभर खोल माती अठरा अंशांच्या आसपास तापली की ते एकाच वेळी वर येतात; काही ठिकाणी एकरी दहा लाखांच्या वर. लाल डोळे, नारिंगी शिरांचे पंख. झाडांच्या बुंध्यांवर रिकाम्या कातींचे थर आणि दिवसभर नरांचा असा आवाज की उभ्या-उभ्या बोलता येईना. ठकी तेव्हा बारा वर्षांची होती. पाठ वाकलेली, डोळे दुधाळ, कान जवळजवळ गेलेले. सगळं रान गर्जत होतं आणि ती शांतपणे त्यातून चालत होती. नाक मात्र पहिल्यासारखं. दुसऱ्याच दिवशी तिला कळलं की हे खायचं असतं. भुसभुशीत मातीतून डोकं काढणारा किडा ती अलगद उचलायची. फार खाल्ले तर पोट बिघडतं अशी सूचना डॉक्टर देत होते, म्हणून मी तिला चार-दोनच खाऊ द्यायची. पण म्हातारपणात तिच्यात जी तरतरी त्या पाच आठवड्यांत आली ती पुन्हा आली नाही.

मला त्या दिवसांत एक विचार पिच्छा सोडत नव्हता. तिच्या तोंडातला किडा तिच्याहून वयाने मोठा होता. २००४ साली तो मुळांपाशी शिरला तेव्हा ठकी जन्मलीही नव्हती आणि आम्ही या देशात नवखे होतो. आता माद्या फांद्यांना चिरा पाडून अंडी घालत होत्या, त्यातली पिल्लं खाली पडून मातीत जाणार होती आणि २०३८ मध्ये वर येणार होती. ठकीच्या वाट्याला एवढा एकच बहर होता. तो तिने पुरेपूर घेतला, याचं मला फार समाधान आहे.

शेवटच्या वर्षी फेरी पहिल्या लाकडी पुलापर्यंतच उरली. थकली की ती पुलावर बसायची आणि खालून येणारी हवा हुंगायची. पाऊस झाला की ओढा तासाभरात तांबडा होऊन चढतो, कारण वरची छपरं, रस्ते आणि वाहनतळ पाणी जिरू देत नाहीत. दुसऱ्या दिवशी काठाची आणखी मुळं उघडी पडलेली दिसतात. तेच पाणी वाटेवरची घाण घेऊन पोटोमॅकमधून चेसापीकच्या खाडीत जातं. तिची शी मी शेवटपर्यंत पिशवीत उचलली. ‘रानातच तर आहे, कुजून जाईल,’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घातला आहे आणि पुढेही घालीन.

२०२३ च्या मार्चमध्ये तिची मूत्रपिंडं थकली. डॉक्टरबाई घरी आल्या. आबांना फोन लावलेला होता. ते कऱ्हाडहून “ठके, ठके” म्हणत राहिले. तिला ऐकू येत नव्हतं, पण मुलीने फोन तिच्या कानाशीच धरला होता.

नंतर बरेच दिवस मी त्या वाटेला गेले नाही. मग उद्यान खात्याच्या ‘वीड वॉरिअर’ उपक्रमाबद्दल कळलं: परकी झाडंझुडपं ओळखायचं प्रशिक्षण घ्यायचं आणि नेमून दिलेल्या जागेत ती उपटायची. मुलीने आणि मी नाव दिलं. स्टिल्टग्रास वर्षायू आहे, मुळं वरवरची. ओल्या मातीत मुठीने ओढलं की सहज निघतं, पण बी मातीत काही वर्षं टिकतं, म्हणून तीच जागा पुन्हा पुन्हा साफ करावी लागते. पुलाच्या अलीकडे आता ओकची काही रोपं तारेच्या जाळीत उभी आहेत. आबांना त्यांचे फोटो पाठवले तर त्यांनी विचारलं, “जाळी किती उंच हाय?” मोजून कळवलं. ते म्हणाले, हरीण मागच्या पायांवर उभं राहतं, आणखी वीतभर वाढवा. यंदा पुलापलीकडचा पट्टा आमच्याकडे आहे. सप्टेंबरात गवत बी धरतं, त्याआधी तो संपवायचा आहे.