हिमशिखराच्या पायथ्याचे युंगाय

वाचकहो, बटाटा आपल्या घरात रोज शिजतो. त्याचे नाव आपण पोर्तुगीजांकडून घेतले, पण त्याचे माहेर ठाऊक आहे का? ते आहे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. तिथे त्याला 'पापा' म्हणतात. चला, आज त्या मुलखातल्या एका शेतकरी गावाला जाऊ. देश पेरू, गाव युंगाय.

राजधानी लिमाहून बस निघते. आधी समुद्रकाठचे रखरखीत वाळवंट, मग न संपणारा घाट. चार हजार मीटरवर कोनोकोचा नावाचे तळे लागते. इथे चार पावले चाललात तरी धाप लागेल; तिथली माणसे अशा वेळी कोकाच्या पानांचा काढा पाजतात. याच भागात सांता नदी उगम पावते. तिच्या सोबतीने उत्तरेकडे उतरू लागलात, की डाव्या हाताला काळी, बिनबर्फाची डोंगररांग आणि उजव्या हाताला पांढरीशुभ्र रांग दिसते. त्या पांढऱ्या रांगेतला सर्वांत उंच तो वास्कारान. उंची ६,७६८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या चौपटीहून जास्त! त्याच्या पायथ्याशी, अडीच हजार मीटरवर युंगाय आहे.

शिवारात शिरलात, की परके वाटणार नाही. मका, गहू, जव, बटाटा, बांधावर निलगिरी. लाकडी नांगर आणि बैलजोडी आहेच. मात्र जू पाहून तुम्ही थबकाल. ते बैलाच्या मानेवर ठेवलेले नसते, शिंगांना वादीने बांधलेले असते. आपल्याकडच्या इर्जिकीसारखी एकमेकांच्या शेतात राबण्याची रीतही तिथे आहे. बाया उंच टोपी घालतात, लोकरीचे घेरदार घागरे नेसतात आणि तान्हे मूल पाठीशी बांधून बाजाराला येतात. आपसांत केचुआ भाषेत बोलतात. चुलीजवळ सशासारखे बिनशेपटीचे 'कुई' पाळलेले असतात, ते सणासुदीला शिजतात. तापलेल्या दगडांत मांस, बटाटे आणि कणसे ठेवून वर माती लोटायची, हा त्यांचा मेजवानीचा बेत. कोकणची पोपटी खाल्लेल्यांना त्याची चव सांगायला नको.

तिथला पावसाळा साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. आपण पेरणीच्या घाईत असतो, तेव्हा त्यांची काढणी चालते. पुढच्या कोरड्या महिन्यांत पाटाला पाणी येते, ते वितळत्या बर्फाचे. म्हणजे वास्कारान हेच त्यांचे धरण!

पण याच डोंगराने एकदा गाव गिळले आहे.

१० जानेवारी १९६२ रोजी शिखरावरचा बर्फाचा कडा कोसळला आणि शेजारचे रानराहिर्का गाव गाडले गेले. मधल्या टेकाडामुळे युंगाय वाचले. लोकांना वाटले, हे टेकाड आपल्याला तारील. आठ वर्षांनी, ३१ मे १९७० रोजी, रविवारी दुपारी सव्वातीनच्या सुमारास मोठा भूकंप झाला. शिखराचा बर्फ आणि खडक सुटले, तेच टेकाड ओलांडून आले आणि काही मिनिटांत सारे गाव चिखलाखाली गेले. गावातली हजारो माणसे गेली. त्या भूकंपात पेरूत एकंदर सुमारे सत्तर हजार बळी पडले.

वाचले कोण? स्मशानभूमीच्या उंच टेकडीवर धावत चढलेली नव्वदेक माणसे, आणि गावाबाहेर सर्कस पाहायला गेलेली मुले. विचार करा, कितीतरी मुलांचे घर, आईबाप आणि शेजार एकाच दुपारी नाहीसे झाले.

आज जुन्या गावाच्या जागी कोणी खणत नाही. सरकारने ती स्मृतिभूमी ठरवली आहे. वर गुलाब लावले आहेत. देवळाच्या भिंतीचा तुकडा दिसतो, चेपलेली बस दिसते. भर चौकातल्या ताडाच्या झाडांपैकी चारच चिखलाबाहेर डोके काढून उभी राहिली होती.

सरकारी अधिकारी वाचलेल्यांना म्हणाले, दहा-पंधरा किलोमीटर दूर नवे गाव वसवू. पण लोक हलले नाहीत. आपली माणसे इथे मातीत आहेत, डोंगरावरचे शेतकरी माल घेऊन इथेच उतरतात, मग आम्ही जावे कुठे? जुन्या गावाच्या जवळच त्यांनी झोपड्या टाकल्या, बाजार भरवला आणि तिथेच नवे युंगाय उभे राहिले. याला कोणी हट्ट म्हणेल. पण धरणात गाव गेलेल्या आपल्याकडच्या माणसाला विचारा, तो वेगळे सांगेल.

आता डोंगराची दुसरी काळजी लागली आहे. हवा तापते आहे. पेरूचे निम्म्याहून अधिक हिमक्षेत्र गेल्या साठ वर्षांत आटले आहे. बर्फ वितळून वर तळी वाढतात, ती फुटण्याचे भय असते. आणि बर्फ सरलाच, तर कोरड्या महिन्यांत पाट कशाने वाहणार?

तरीही काढणी झाली, की पुढच्या हंगामासाठी बटाट्याचे बियाणे बाजूला काढले जाते. तुम्ही कधी गेलात, तर शिखराचा फोटो अवश्य काढा. पण आधी एखाद्या शेताच्या बांधावर टेका आणि पाटाच्या थंडगार पाण्याला हात लावा. युंगायची माणसे तिथे का राहिली, ते तुम्हाला वेगळे सांगावे लागणार नाही.