कुठं लागतंय?

3 जून, मिरज
संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. सगळ्या केरळच्या नर्सेस, इथल्या दवाखान्यांत नुकत्याच रुजू झालेल्या. ‘मिरजेला कशा आलात?’ ‘नोकरी लागली, सर.’ एवढं वाक्य पाठ.

5 जून
थोडं हिंदी येतं, त्याचीच अडचण. एक सिस्टर म्हणाली, ‘मला लागतं पेशंट बरा आहे.’ हिंदीतलं ‘मुझे लगता है’. मराठीत मत ‘वाटतं’. लागते ती भूक, तहान, ठेच, दृष्ट.

6 जून
गाडी लागली: फलाटावर आली. गाडी लागते: प्रवासात उलट्या होतात. दोन्ही फळ्यावर.

9 जून
मल्याळममध्ये ‘मला भूक लागली’ कसं म्हणता? ‘एनिक्कु विशक्कुन्नु.’ एनिक्कु म्हणजे मला. पुढचं नुसतं क्रियापद, भूक त्यातच आली. लागणं नाही, पण ‘मी’सुद्धा नाही. ‘मला’ आहे. म्हणजे अर्धी वाट या मुली घरूनच चालून आल्यात.
स्पॅनिश माणसाजवळ भूक असते. आयरिश माणसावर भूक असते. आपल्याकडे ती येऊन लागते.

10 जून
पाऊस. वर्ग झाला नाही.

12 जून
रात्रपाळीचा वॉचमन अथणीकडचा, घरी कन्नड बोलतो. गेटवर उभं राहून त्याला विचारत बसलो. आग लागली? ‘बेंकि हत्तितु.’ झोप लागली? ‘निद्दि हत्तितु.’ हत्तु म्हणजे चढणं, चिकटणंही. आणि ‘करायला लागलाय’? ‘माडाक हत्त्यान.’
तिथंही हत्तु! शब्द कानडी, उभा मात्र आपल्या ‘लागणे’च्या जागेवर. फार आनंद झाला. रात्री डोळा लागेना.

13 जून
गंपर्झ आणि विल्सन यांचा 1971 चा लेख पुन्हा काढला. गाव कुपवाड, इथून रिक्षानं जाण्याइतकं जवळ. जैन-लिंगायतांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, बाकी मराठी, थोडी तेलुगू. शब्द ज्याचे त्याचे राहिले, वाक्याची घडण एक होत गेली. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार. आता कुपवाड महापालिकेत आहे. तिथल्या म्हाताऱ्यांकडे एकदा वही घेऊन बसायला हवं. लवकर.

16 जून
एक सिस्टर रडवेली होऊन आली. वॉर्डातल्या आजी रात्री ‘लागतंय गं, लागतंय’ म्हणत होत्या. तिला ‘चहा लागतो’मधला अर्थ ठाऊक. तिनं पाणी दिलं. मग पांघरूण. मग बेडपॅन. आजी मान हलवत राहिल्या. पहाटे पांघरूण सरकलं तेव्हा दिसलं. सलाईनची सुई शिरेबाहेर, हात कोपरापर्यंत फुगलेला, कातडी ताणून चकचकीत.

17 जून
आज पुस्तक बंद. फक्त यादी.
धाप लागली, घरघर लागली: धावत जा, डॉक्टरांना बोलवा.
कळा लागल्या: बाळंतपण जवळ आलं.
जुलाब लागले: कधीपासून, किती वेळा, विचारा.
पाणी लागलं: परगावचं पाणी बाधलं.
अंगी लागत नाही: खातो, तरी वाळतो.
डोळा लागला: उठवू नका.
जिव्हारी लागलं: जवळ बसा.

19 जून
संस्कृत ‘लग्’ या धातूपासून ‘लागणे’, आणि ‘लग्न’ही. लग्न म्हणजे चिकटलेलं, जोडलेलं. ‘लग्न लागलं’ म्हणताना एकच धातू दोनदा येतो. एकीचं लग्न ठरलंय. तिनं ते वहीत मल्याळम अक्षरांत लिहून घेतलं.

21 जून
कामानं कोल्हापूरला. गाडीत समोरचा मुलगा आईला, ‘आता काय लागंल?’ ‘किष्णेचा पूल लागंल, मग जयसिंगपूर.’ पूल जागचा हलत नाही, तरी वाक्यात कर्ता तोच.

24 जून
आजी घरी गेल्या. जाताना सिस्टरला म्हणाल्या, ‘पोरी, तुजी सवय लागली बग.’ तिनं मला अर्थ विचारला नाही.

27 जून
पाठ्यपुस्तकं चाळली. सगळी ‘मी जातो, तू जातोस’नं सुरू होतात. खाटेवरचा माणूस कुठं जातो? तो करत काहीच नाही. त्याला भूक लागते, धाप लागते, घोर लागतो. त्याच्या वाक्यात ‘मी’ क्वचितच, ‘मला’ सारखा. वॉर्डातलं मराठी या ‘मला’पासून सुरू होतं. तो कळला नाही तर बाकीचं व्याकरण घेऊन काय करायचं?

1 जुलै
नवी तुकडी आली. आधीच्यांपैकी एकजण दारातच नव्या मुलीला मल्याळममध्ये काहीतरी समजावत होती. मधूनमधून मराठी शब्द. मी आल्यावर तेच तिनं मराठीत सांगितलं: ‘लागतंय म्हणाले की आधी हात बघायचा. मग पाणी.’
पहिला धडा बदलला. ‘माझं नाव’, ‘मी जाते’ पुढच्या आठवड्यात. उद्या फळ्यावर एकच प्रश्न: कुठं लागतंय?