दुरडीच्या तळाशी

रात्रीची जेवणं आटोपली, झाकपाक झाली की आई दुरडी उघडून भाकरी मोजायची. तीन उरल्या तर सकाळी कुटके. एकच असली तर ताकातला काला. पाच-सहा उरल्या तर उन्हात घालून कडक करायच्या आणि शेंगाचटणीबरोबर आठवडाभर खायच्या. आमची सकाळ त्या मोजणीवर ठरायची. साठ-सत्तरच्या दशकात सोलापूर, बार्शी, तुळजापूरकडे वाढलेल्या कुणालाही विचारा, ‘कुटके’ म्हटलं की आधी फोडणीचा वास आठवेल, मग घर आठवेल.

कुटक्यांना भाकरी शिळीच लागते. ताजी कुस्करली तर तिचा लगदा होतो. रात्रभरात तिच्यातला ओलावा उडालेला असतो, म्हणून तुकडे सुटे राहतात आणि फोडणी नीट पितात. आई नखाएवढे तुकडे करायची, त्याहून बारीक नाही, आणि त्यांवर ताकाचा हबका मारून ठेवायची. तेलात आधी शेंगदाणे, ते तांबूस झाले की मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, भरपूर कांदा, हळद आणि काळं तिखट. मग कुटके घालून झाकण. मंद आचेवर कढईच्या बुडाला जी खरवड धरायची, तिच्यासाठी आम्हा चार भावंडांत रोज वाद. शेवटी आईनं वारच लावून दिले होते. माझा गुरुवार.

तेव्हा घरात फ्रिज नव्हता. जाळीचं कपाट होतं, त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून. उन्हाळ्यात भाताचं पातेलं पाण्यानं भरलेल्या परातीत बसवायचं आणि वर ओलं फडकं. तरी सकाळी झाकण काढल्यावर आई आधी वास घ्यायची, मग दोन शितं बोटांत चोळून बघायची. ‘उतरलाय’ म्हणाली की तो भात टाकायचा, त्यावर चर्चा नाही. चांगला असला तर फोडणीचा भात व्हायचा, किंवा जिरं-तिखट घालून मळून त्याचे सांडगे गच्चीवर पडायचे. आंबट झालेल्या ताकाची कढी. रात्रीची पालेभाजी धपाट्याच्या पिठात. पोळ्या उरल्या तर गूळ-तूप घालून त्यांचे लाडू, आणि ते डब्यातून शाळेत न्यायला आम्हांला कधीच लाज वाटली नाही. लोणी कढवल्यावर पातेल्याच्या बुडाशी राहिलेली बेरी साखर घालून वाटीवाटीनं मिळायची. दोडक्याच्या शिरा तेलावर खरपूस परतून तीळ-खोबऱ्यासह कुटल्या की अशी चटणी व्हायची की मूळ दोडक्याची भाजी मागे पडायची. पोळ्यांच्या सणाची कटाची आमटी तर दुसऱ्या दिवशीच खरी लागते. रात्रभरात मसाला मुरतो. ‘शिळ्या कढीला ऊत’ असं हिणवून म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला वाटतं, ही म्हण करणाऱ्यानं दुसऱ्या दिवशीची आमटी चाखली नसावी.

१९७२चा दुष्काळ पडला तेव्हा मी सहावीत होते. रेशनवर तांबडी मिलो मिळायची. तिची भाकरी थापतानाच कडेनं तडकायची आणि रात्री गार झाली की दातांनी तुटायची नाही. कुटक्यांना लागणारं ताक नाही, तेलही मोजकं. आईनं मिलोच्या भाकरीचे तुकडे चकोल्यांसारखे आमटीत सोडायला सुरुवात केली. पातळ आमटी, दाणे नावाला, पण रटरट शिजून ते तुकडे मऊ व्हायचे. त्या वर्षी आमच्या घरात भाकरीचा तुकडा वाया गेल्याचं मला आठवत नाही. त्याची चव मात्र गोड करून सांगणार नाही. भूक होती म्हणून खाल्लं.

पण मला खरं सांगायचंय ते कुटक्यांच्या आधीचं. आई १९५८ साली लग्न होऊन या घरात आली, तेव्हा दुरडीच्या तळाची शिळी भाकरी सुनेच्या वाट्याची असा रिवाज होता. ताजी पुरुषांना, मग मुलांना. सगळ्यांचं झाल्यावर सुनेनं कालची भाकरी, कांदा आणि उरलेलं कोरड्यास. आजीनं स्वतः तशीच वर्षं काढलेली, तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आईनं कधी तक्रार केली नाही. पुढं सैपाकघर तिच्या हाती आलं, तेव्हा एका सकाळी तिनं सगळ्या शिळ्या भाकरी कुस्करल्या, फोडणी दिली आणि गिरणीच्या भोंग्याआधी दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ताटात वाढल्या. आजी दारातून म्हणाली, ‘‘कर्त्या माणसाच्या ताटात शिळं वाढतात होय गं?’’

आई म्हणाली, ‘‘शिळं कुठलं, आत्याबाई? फोडणी दिली की ते आजचं झालं.’’

दादांनी दुसऱ्यांदा मागून घेतले. आजी काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिनंच कांदा चिरून दिला, असं आई सांगते. त्या दिवसापासून आमच्या घरात शिळं एकटीच्या पानात कधी पडलं नाही. काटकसर तर घरोघरी होती, आमच्याहून कडक काटकसरीची घरं त्याच वाड्यात होती. पण शिळ्याचा वाटा सगळ्यांत करून टाकायचा, आणि तो इतका चांगला करायचा की मुलं खरवडीवरून भांडतील, हे आमच्या आयांपैकी ज्यांनी केलं त्यांचं मला फार मोठेपण वाटतं. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

आता माझ्या फ्रिजमध्ये छोटे छोटे डबे जमतात. झाकणं बंद, आत काय आहे ते दिसत नाही आणि वासही येत नाही. चार दिवसांनी उघडलं की टाकावं लागतं, आणि तेव्हा मला फार अपराधी वाटतं. म्हणून हल्ली भाकरी मी फ्रिजमध्ये ठेवतच नाही. फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवते.

आई पलंगावरून आता फारशी उठत नाही. ओट्यापाशी यायचं तर धरून आणावं लागतं. तरी रात्री भांड्यांचा आवाज थांबला की तिची हाक येतेच.

‘‘किती उरल्या गं?’’

‘‘तीन.’’

‘‘मग दाणे काढून ठेव.’’