मागचा दिवा

आमच्या सावलीच्या शाळेतल्या मुलांचा एक आवडता खेळ आहे. मधली सुट्टी झाली की ती फाटकाच्या आत उभी राहतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचतात. एमएच ३४ म्हणजे आपला चंद्रपूर जिल्हा. एमएच ३३ म्हणजे वैनगंगेपलीकडचा गडचिरोली. सीजी दिसलं की सगळे एका सुरात ओरडतात, "छत्तीसगड!"

एक दिवस चौथीतल्या एका मुलानं मलाच पकडलं. "मॅडम, तुमच्या घरची मोटारसायकल तं सीजीची आहे. मंग थे सावलीत कशी चालते जी?"

प्रश्न अगदी बरोबर होता! आमच्या यांची नोकरी आधी रायपूरला होती, म्हणून गाडीचा नंबर तिकडचा. आपल्या देशात १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे. तो सांगतो, की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. आम्हीही मग रायपूरहून 'ना हरकत' दाखला आणला, इथला कर भरला. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून, पेन्सिल घासून त्याचा छाप घेतला. तुम्ही नाण्याचा घेता ना, अगदी तसाच! आणि आमची गाडी एमएच ३४ झाली. गंमत म्हणजे पाटी सोडली तर गाडीचा एक स्क्रूसुद्धा बदलावा लागला नाही. रायपूर काय नि सावली काय, गाडीचे नियम साऱ्या देशात एकच.

पण देशच बदलला तर? ती हकिकत माझ्या धाकट्या भावाची.

तो अमेरिकेत इंजिनिअर होता. पहिल्या बचतीतून त्यानं तिथं एक मोटार घेतली. त्याची मुलगी जन्मली तेव्हा दवाखान्यातून घरी आली ती त्याच मोटारीतून. पुढं कंपनीनं त्याची बदली जर्मनीत केली. मोटार विकायला त्याचं मन होईना. ती जहाजानं समुद्रापार गेली. युरोपात असा नियम आहे, की राहतं घर हलवताना निदान सहा महिने वापरलेली आपली गाडी सोबत नेली, तर काही अटींवर तिच्यावर जकात लागत नाही. म्हणून भाऊ निश्चिंत होता.

अडचण पुढंच होती. नंबर मिळण्याआधी गाडी तपासून घ्यावी लागते. जर्मनीत हे काम करणाऱ्या 'ट्यूफ' नावाच्या संस्था आहेत. तपासनीसानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि भलीमोठी यादी हातात ठेवली.

मुलांनो, अमेरिकेत नि जर्मनीत दोन्हीकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. मग बदलायचं ते काय? सांगते. त्याच्या गाडीला मागं एका बाजूला एकच लाल दिवा होता. ब्रेक दाबला की तोच पेटायचा आणि वळायचं असलं की तोच मिचकायचा. अमेरिकेत हे चालतं. युरोपात वळण्याचा दिवा नारिंगीच हवा, लाल चालत नाही. पुढचे बारीक दिवे अमेरिकेत नारिंगी चालतात, तिकडे पांढरे लागतात. दाट धुक्यात मागच्याला दिसावा म्हणून एक झगझगीत लाल दिवा मागं वेगळा लागतो, तो त्याच्या गाडीला नव्हताच. मोठ्या दिव्यांच्या उजेडाचा आकारसुद्धा निराळा. युरोपात समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून तो वरून सरळ रेघेत कापलेला असतो. वेगाचा काटा मैल दाखवायचा, तिथं किलोमीटर हवेत. ६० मैल म्हणजे जवळजवळ ९७ किलोमीटर, केवढा फरक!

असं का बरं? युरोपातल्या देशांनी १९५८ साली जिनिव्हात एक करार केला आणि गाडीच्या भागांचे नियम हळूहळू एकसारखे केले. अमेरिका त्या करारात नाही. तिनं आपले नियम वेगळे लिहिले. दोघांनाही रस्ता सुरक्षितच हवा होता, पण दिव्यांची भाषा दोन झाल्या. युरोपचे नियम पाळणाऱ्या भागावर वर्तुळात 'ई' हे इंग्रजी अक्षर आणि एक आकडा असतो. 'ई १' म्हणजे जर्मनीनं मान्य केलेला. आपल्याकडच्या काही मोटारींच्या काचेच्या कोपऱ्यातही असं वर्तुळ असतं. शोधा बरं!

भावाचा फोन आला तो तणतणतच. "ताई, गाडी पळते, थांबते, वळते. नुसत्या दिव्याच्या रंगासाठी एवढा खर्च? इथला एक जण म्हणतो, तपासणीपुरते दुसरे दिवे लाव, नंबर मिळाला की जुने परत बसव. कोण बघतं?"

मी थोडा वेळ काहीच बोलले नाही. मग विचारलं, "तुझ्या कपाळावरचे टाके अजून दिसतात का रे?"

पलीकडे तोही गप्प झाला.

मुलांनो, त्या टाक्यांबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. मी पाचवीत होते, भाऊ तिसरीत. पौषाचे दिवस होते, धुकं पडलेलं. बाबा धानाची पोती बैलबंडीत घालून रात्री शेतातून घरी येत होते. भाऊ तनसावर झोपला होता. बंडीखाली टांगलेला कंदील केव्हा विझला, बाबांना कळलंच नाही. मागून ट्रक आला. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबले, पण उशीर झाला होता. बंडी उलटली. भावाच्या कपाळाला चार टाके पडले. बाबांचा पाय मोडला, ते आजही लंगडतात. आमचा ढवळ्या बैल मात्र पुन्हा उठला नाही.

त्या ट्रकवाल्यानंच दोघांना आपल्या ट्रकमधून दवाखान्यात नेलं. तो रडत होता. "दिसलंच नाही जी, मांगं काहीच दिसलं नाही." बाबांनी त्याला कधी दोष दिला नाही. आजही म्हणतात, "थो काय करन? आपनच त्याले दिसलो नाही."

भावाला हे सारं आठवलं असणार. पंधरा दिवसांनी त्यानं फोनवर मला गाडी दाखवली. मागची दिव्यांची पेटीच त्यानं बदलून घेतली होती, नवी तार ओढली होती. "बघ ताई," म्हणाला नि त्याच्या मुलीनं आत बसून खटका दाबला. टिक टिक करत नारिंगी दिवा लागला. "दोन महिन्यांचे पैसे गेले. पण आता मागच्याला कळेल, मी कुठं वळतोय ते."

डी.एड.ला असताना शिकवलं होतं, की मुलांनी हातानं केलेला धडा विसरत नाहीत. म्हणून गेल्या वर्षी धान कापणीआधी आम्ही वर्गात पैसे जमवले. प्रत्येकानं पाच रुपये आणले. उजेड पडला की चमकणारी लाल पट्टी आणली. मग मुलं घरोघर गेली आणि त्यांनी बंड्यांच्या मागं पट्ट्या चिकटवल्या. पहिली पट्टी आमच्याच बंडीला लागली. बाबा लंगडत आले, खाली बसले आणि आपल्या धोतराच्या सोग्यानं त्यांनी फळीवरची धूळ पुसून दिली. पट्टी नीट चिकटावी म्हणून!

एकूण एकतीस बंड्या झाल्या. चार उरल्या, त्या यंदा करू.

आता तुमच्यासाठी एक काम. आज अंधार पडला की आई-बाबांना सोबत घ्या आणि बॅटरी घेऊन अंगणात जा. घरातली सायकल, बंडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली, जे असेल त्याच्या मागं वीस पावलांवर उभे राहा आणि बॅटरी लावा. लाल काही चमकतंय का? चमकत नसेल, तर उद्याच आई-बाबांना ते लावायला सांगा. आणि मग मला पत्रानं कळवा. मी वाट पाहीन.