कानसेनांचे तिकीट

तानसेन होणे दैवाधीन, कानसेन होणे मात्र आपल्या हाती, अशी मराठी मध्यमवर्गाची जुनी समजूत आहे. हे पद आजवर फुकटात, किंवा फार तर मुलुंडच्या कालिदास अथवा पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहाच्या तिकिटाच्या दरात मिळत आले. आता लाखो रुपयांच्या ध्वनियंत्रणेसमोर बसून, तासाच्या हिशेबाने पैसे मोजून ऐकण्याचीही सोय झाली आहे. ते मोजावेत काय, हा प्रश्न आम्हां दोघा मराठीच्या अध्यापकांना पडला आणि प्रत्येकी पाचशे रुपये देऊन अंधेरीतल्या अशा एका श्रवणसत्राला आम्ही जाऊन बसलो.

यंत्राचे श्रेय यंत्राला दिलेच पाहिजे. अलीकडच्या एका ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात तानपुऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या ओळखू आल्या. सम येण्याआधी गायिकेने घेतलेला श्वासही ऐकू आला. नंतर अब्दुल करीम खाँसाहेबांची 1930च्या दशकातली एक ध्वनिमुद्रिका लागली. 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. इथे यंत्राने खरखर तेवढी ठळक केली. सूर घरच्या जुन्या स्पीकरवर जितका आर्त वाटतो, तितकाच राहिला. जे मुद्रित झालेच नाही, ते कितीही महाग यंत्र कुठून आणणार?

यंत्रांच्या गुणवत्तेबद्दलचे दावे तपासूनही पाहिले गेले आहेत. 2007 साली मेयर आणि मोरान या अमेरिकन संशोधकांनी उच्च दर्जाचे डिजिटल ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या मापात उतरवलेले रूप, कोणते कोणते हे न सांगता श्रोत्यांना ऐकवले. 554 खेपांपैकी 276 वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी साधारण इतकेच आले असते. अर्थात ही चाचणी मुद्रणाच्या मापाची होती. स्पीकर आणि खोली यांनी पडणारा फरक याहून पुष्कळ मोठा असतो.

आणि खरी मेख त्या खोलीतच आहे. घाटकोपरच्या आमच्या घरावरून विमाने उतरतात, खालून रिक्षा जातात, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होतात. अंधेरीच्या त्या खोलीला जाड पडदे होते, दार जड होते आणि मोबाइल बाहेर ठेवायचा होता. आमच्या पाचशे रुपयांतले निम्मे तरी या शांततेचे होते. उरलेले सहश्रोत्यांचे. तबकडी संपल्यावर कोणी क्षणभर बोलले नाही. मग खाँसाहेबांच्या एका स्वराच्या लगावावरून अनोळखी माणसांत चांगलाच वाद रंगला. जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांना ही गोडी ठाऊक आहे. 1990 साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या बैठकांतही माणसे एकत्र जमून ऐकत आली, ती यंत्राच्या किमतीसाठी नव्हे.

तेव्हा एकदा पैसे मोजून ऐकावे, असेच आम्ही म्हणू. आपल्या घरी काय ऐकू येत नाही, हे त्याशिवाय कळत नाही. मात्र त्यातून एक अस्वस्थ करणारी गोष्टही निघते. एकाग्रतेने ऐकायला लागणारी शांतता जर तिकिटावर विकली जाणार असेल, तर ज्या मुलांना ते तिकीट परवडत नाही त्यांनी कानसेन कुठे व्हायचे? वर्गात कविता मोठ्याने वाचताना बाहेरच्या ड्रिलखाली अर्धी ओळ बुडते. शेवटच्या बाकावर बसलेल्यांना कवितेची लय म्हणजे काय, हे पुस्तकातूनच कळते.

यंदापासून शनिवारचा शेवटचा तास आम्ही रस्त्यापासून दूरच्या खोलीत घेतो. स्पीकर साधेच आहेत. खिडक्या लावून तीन मिनिटांची एकच बाजू दोनदा ऐकवतो आणि मग मुलांना बोलू देतो. गेल्या शनिवारी अकरा जण होते. त्यांतल्या एकीने दुसऱ्या खेपेला, पहिल्या खेपेस निसटलेला तानपुरा ऐकू आल्याचे सांगितले.