शनिवारवाड्यातली हाक

पुण्याला कामाला गेलेला आपल्या गावचा माणूस दोन गोष्टी बघितल्याशिवाय परतत नाही. एक पर्वती आणि दुसरा शनिवारवाडा. आणि घरी आला, की पोरेटोरे त्याला घेरून विचारतात, “ती हाक ऐकू आली का हो?”

ही हाक महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? कोणी म्हणतो पौर्णिमेच्या रात्री, कोणी म्हणतो अमावस्येला, सामसूम झाली की वाड्यातून एका पोराचा आवाज येतो. “काका, मला वाचवा!” तो आवाज नारायणराव पेशव्याचा, असे सांगतात.

उत्तरेकडच्या दिल्ली दरवाजासमोर उभे राहिले, की छाती दडपते. हत्तीने धडक देऊ नये म्हणून दारांना टोकदार लोखंडी खिळे ठोकले आहेत. वर नगारखाना आहे. आत जाऊन मात्र नवखा माणूस चकित होतो, कारण आत वाडाच नाही! नुसती जोती, कारंज्यांचे हौद आणि हिरवळ. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, पायाभरणी केली. १७३२ साली वास्तुशांत झाली. पुढे २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली. ती आठवडाभर धुमसत राहिली आणि लाकडी महाल जळून गेले. ज्या दालनांतून नारायणराव जिवाच्या आकांताने धावला, ती दालने आज उरलेलीच नाहीत.

आणखी एक गोष्ट. भूत रात्री हाक मारते म्हणतात, पण खून झाला भर दुपारी! तो दिवस ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपदातला. नारायणराव तेव्हा अवघा अठरा वर्षांचा. चुलते रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते. थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी आत घुसले. नारायणराव धावत काकांच्या दालनात गेला आणि त्यांना मिठी मारली. गारद्यांनी त्याला तेथेच कापले. चापाजी टिळेकर नावाचा इमानी हुजऱ्या धन्याला वाचवायला आडवा पडला, तोही मारला गेला. दक्षिणेकडच्या ज्या दाराने नारायणरावाचे प्रेत बाहेर नेले, ते आजही नारायण दरवाजा म्हणून दाखवतात.

रघुनाथरावांनी चिठ्ठीत ‘धरावे’ लिहिले आणि आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ करून ‘मारावे’ केले, ही कथाही घरोघर सांगतात. पण न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष दिला तो रघुनाथरावांना. पेशवाईच्या गादीवर बसलेल्या माणसाला तोंडावर ‘देहांत प्रायश्चित्त’ सुनावले आणि शास्त्रीबुवा पुणे सोडून गेले.

आता मंडळी, जरा विचार करा. या वाड्याने काय हा एकच काका पाहिला? बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजीआप्पा हे याच घरातले. हे दोघे भाऊ एका जिवाने राहिले. चिमाजीआप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई जिंकली. त्यांचे चिरंजीव सदाशिवरावभाऊ हे नारायणरावाचे चुलत काका. १७६१ साली पानिपतावर नारायणरावाचा थोरला भाऊ विश्वासराव गोळी लागून पडला. तो पडलेला पाहून भाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले, ते परत आले नाहीत. एका पुतण्यासाठी एका काकाने जीव टाकला. त्याच पुतण्याचा धाकटा भाऊ बारा वर्षांनी दुसऱ्या काकाच्या मिठीत मेला. घर तेच, रक्त तेच.

आणि पुढे काय झाले? कारभाऱ्यांनी एकी करून नारायणरावाच्या बाळाला, सवाई माधवरावाला, गादीवर बसवले. रघुनाथराव पळाले ते इंग्रजांच्या आश्रयाला. १७७५ साली सुरतेला तह झाला. गादी मिळवून द्या, त्या बदल्यात साष्टी आणि वसई घ्या! जी वसई स्वतःच्या काकाने रक्त सांडून मिळवली, ती पुतण्याने कागदावर लिहून दिली. मग युद्ध पेटले, ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने थांबले. पण घरच्या भांडणात परक्याचा पाय आत आला, तो आलाच. याच रघुनाथरावांचा मुलगा दुसरा बाजीराव. त्याच्याच कारकिर्दीत, १७ नोव्हेंबर १८१७ रोजी, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

रात्री हाक येते की नाही, ते मी सांगू शकत नाही. संध्याकाळी वाडा बंद होतो, रस्त्यावर गाड्यांचा गलका असतो. पण असली हाक ऐकायला पुण्याला कशाला जायला हवे? बाप गेल्यावर पोरक्या पुतण्याचा बांध कोरला जातो, सातबाऱ्यावरचे त्याचे नाव मागे पडते, विहिरीची पाळी चुकवली जाते, तेव्हा तीच हाक आपल्या गावातही उठते. तेथे गारदी नसतात, तलवार नसते, एवढाच फरक. आणि भावकीचा तंटा मिटण्याऐवजी वाढावा, असे वाटणारा तिसरा माणूस तेथेही दाराशी उभाच असतो.

सुट्टीत मुलांना शनिवारवाडा जरूर दाखवा. त्यांना भुताची गोष्ट सांगा, मुलांना ती हवीच असते. पण नारायण दरवाजापाशी उभे राहून सदाशिवरावभाऊंची आणि रामशास्त्र्यांची गोष्टही सांगा. घरी परतल्यावर धाकट्या भावाच्या लेकरांना जवळ बोलावून शेजारी जेवायला बसवा. हाकेला ओ द्यायची ती अशी.